मोजणी बरोबर

मे महिना. मेडिकलच्या तिसऱ्या ओटीत
एसी नुसता आवाज करत होता.
टेबलावर सगुणा धुर्वे, वय सेहेचाळीस,
कळमन्यात संत्र्यांची प्रतवारी करणारी.
सोनोग्राफीत गाठ, सीटीत गाठ.
घरच्यांनी आधीच रडून घेतलं होतं.

जुन्याच व्रणावरून उघडलं.
आत आधी भेटला तो पदर.
पुस्तकात त्याला ओमेंटम म्हणतात,
आम्ही सिस्टर लोक पदरच म्हणतो:
पिवळा, चरबीचा, आतड्यांवर सोडलेला,
जिथे दुखेल तिथे जाऊन बिलगणारा.
इथे तो कशाभोवती तरी
घट्ट खोचलेला होता.

बोरकुटे सर बोटांनी सोडवत राहिले,
लहान मुलीच्या केसांतला गुंता सोडवावा तसे.
गाठ फुटली. वास आला.
आणि चिमट्याला लागला
धागा.

मग वीण.
मग वीतभर कापडाची चौपदरी घडी,
कुजलेली, पण शिवणीची कड शाबूत.
मॉप.
कुणी काही बोललं नाही.
भुलीच्या मॅडमनी मोबाईलवरचं गाणं बंद केलं.

मी मोजायला घेतले.
दहा दिले होते, अकरा निघाले.
तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा
हिशेब जास्तीचा आला.
टाके घालायच्या आधी म्हणाले, मोजणी बरोबर.
सरांनी मान वर न करता विचारलं,
नक्की?
हे त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं.

तिच्या फायलीच्या पिशवीत एक जुनं कार्ड होतं,
घडीवर फाटलेलं.
ग्रामीण रुग्णालय, काटोल. सीझर.
मुलगा, दोन किलो सहाशे.
गोळ्या ५ दिवस.
त्या पाचाचं शेपूट वर वळलेलं.
असा पाच मी काढते.
त्यासाठी वडिलांची छडी खाल्ली आहे.

त्या रात्री लाईट गेली होती का,
जनरेटरमध्ये डिझेल होतं का,
मॉप मोजले ते मी की दुसरी कुणी?
आठवत नाही.
आता जे आठवेल
ते माझ्या सोयीचं असेल.

तिसऱ्या दिवशी राऊंडला सर म्हणाले,
साधी गाठ होती, काढली.
खोटं नव्हतं. अर्धं होतं.

संध्याकाळी ड्युटी संपवून मी वॉर्डात गेले.
कूलरसमोर ती एकटीच,
हातात मोसंबीच्या रसाचा पेला, अजून भरलेला.
म्हणणार होते,
बाई, माझी चूक पोटात घाला.
शब्द ओठांपर्यंत आले आणि अडले.
एकोणीस वर्षं तिने दुसरं काय केलं होतं?

मग सरळ सांगितलं.
गाठ नव्हती. कापड होतं.
सीझरच्या वेळचं, आत राहिलेलं.
काटोलला तेव्हा मी ड्युटीवर होते.

तिने माझ्याकडे पाहिलं. कूलर घरघरत राहिला.
मी शिवीची वाट बघत होते.

"म्हंजे... होतं ना बाई काहीतरी?"

होतं.

टाक्यांवर तळवा दाबत ती कोपरावर उठली.
"डॉक्टर म्हने गॅस हाय.
सासू म्हने बाहेरचं हाय, दोन कोंबडे कापले.
हा म्हने, कामाच्या वक्तालेच कशी दुखते तुले?
मंग मी बी म्हनो, असंन बाप्पा, मनातच असंन."
हसायला गेली, टाके ओढले, थांबली.
"जाऊ नका. हा बाहेर खर्रा घोटत बसला असंन.
बलावा त्याले.
तुमच्या तोंडानं सांगा."

मी म्हटलं, सर रागावतील.
ती म्हणाली, "रागावू द्या."

व्हरांड्यात अजून ऊन होतं.
सगुणा धुर्वेचे कोण आहेत?
बाकड्यावरून दोघं उठले.
एक तो, तळहातावरची पन्नी लपवत.
आणि मागे एक उंच पोरगा,
दाराच्या चौकटीशी वाकलेला,
कधीकाळचा
दोन किलो सहाशे.